बियाणे विकून शेती होत नाही



बास्केटबॉलचे नाव काढले की आपल्याकडची मुले लगेच दोन-चार अमेरिकन खेळाडूंची नावे घेतात. कोण किती उंच उडी मारतो, कोणाचा बूट कोणत्या कंपनीचा, हे सगळे त्यांना तोंडपाठ असते. जिंकणाऱ्या संघांविषयी कोणीही बोलेल. मी मात्र आज एका हरणाऱ्या संघाविषयी लिहिणार आहे, कारण जिंकणाऱ्यापेक्षा हरणारा पुष्कळदा जास्त शिकवून जातो. हा संघ आहे सॅक्रामेंटो किंग्ज.

सॅक्रामेंटो ही कॅलिफोर्निया राज्याची राजधानी. १९८५ मध्ये हा संघ कॅन्सस सिटीहून तेथे आला. त्याचे एकमेव विजेतेपद १९५१ चे, आणि तेही तो रॉचेस्टर गावी ‘रॉयल्स’ या नावाने खेळत होता तेव्हाचे. या संघाशी आपले थोडे नातेही आहे. २०१३ मध्ये तो सिअ‍ॅटलला हलवण्याचे घाटत असताना ज्या गटाने तो विकत घेऊन सॅक्रामेंटोतच ठेवला, त्या गटाचे प्रमुख विवेक रणदिवे. जन्म मुंबईचा, आणि आडनाव आपल्याला सांगावे लागत नाही. भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू सिम भुल्लर २०१५ मध्ये याच संघाकडून मैदानात उतरला. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे दोन संघ प्रथमच भारतात, मुंबईत वरळीला खेळले, तेव्हा त्यातला एक संघ किंग्जच होता. दोन्ही सामने इंडियाना संघाने जिंकले, ही गोष्ट वेगळी!

असा हा आपल्या ओळखीचा संघ २००६-०७ ते २०२१-२२ असे ओळीने सोळा हंगाम बाद फेरीत पोहोचू शकला नाही. एनबीएच्या इतिहासात एवढा लांब दुष्काळ दुसऱ्या कोणत्याही संघाने पाहिलेला नाही. नवल असे की एनबीएचे नियम दुबळ्या संघाला वर आणण्यासाठीच केलेले आहेत. मग हा संघ सोळा वर्षे खालीच कसा राहिला? माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर आपल्या शाळेच्या मैदानावरही लागू पडते आणि वर्गातही.

आधी नियम समजून घेऊ. दरवर्षी जून महिन्यात नव्या खेळाडूंची निवड होते, तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. कॉलेजातून वा परदेशातून येणाऱ्या तरुण खेळाडूंना संघ पाळीपाळीने निवडतात. दोन फेऱ्या असतात आणि साधारणपणे जो संघ जास्त हरला त्याला आधी निवड मिळते. मग मुद्दाम हरून पहिला नंबर लावला तर? ते टाळण्यासाठी १९८५ पासून पहिल्या काही क्रमांकांसाठी सोडत काढली जाऊ लागली. २०१९ मध्ये नियम आणखी कडक करून तळाच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची संधी सारखीच, १४ टक्के ठेवण्यात आली.

दुसरा मार्ग अदलाबदलीचा, म्हणजे ‘ट्रेड’चा. खेळाडू देऊन खेळाडू घेता येतो. पुढच्या वर्षांचा निवडीचा हक्कही देऊन टाकता येतो. म्हणजे अजून शाळेत शिकत असलेल्या, कोणी पाहिलेल्याही नसलेल्या मुलाला निवडण्याचा हक्क आज विकता येतो! १९८० च्या सुमारास क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी असे हक्क इतके सढळ हाताने वाटले की अखेर नियमच करावा लागला: लागोपाठच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क कोणी देऊन टाकायचे नाहीत. मालकाला त्याच्या उतावळेपणापासून वाचवण्यासाठी संघटनेला नियम करावा लागतो, यातच सारे आले.

आता किंग्जची वही उघडून पाहू.

२०११ मध्ये त्यांच्याकडे सातवा क्रमांक होता. एक अदलाबदल करून ते दहाव्यावर उतरले आणि सोबत एक वयस्क, महागडा खेळाडू घेतला. दहाव्या क्रमांकावर त्यांनी जिमर फ्रेडेट याला निवडले. कॉलेजात त्याचे नाव गाजत होते. पुढच्याच, अकराव्या क्रमांकावर क्ले थॉम्पसन गेला आणि पंधराव्यावर कवाय लेनर्ड. दोघांनीही पुढे एकाहून अधिक विजेतेपदे पाहिली. फ्रेडेटला तीन वर्षांच्या आत किंग्जने निरोप दिला.

२०१२ मध्ये पाचव्या क्रमांकावर थॉमस रॉबिन्सन निवडला. सहाव्या क्रमांकावर पोर्टलँडने डेमियन लिलार्ड घेतला आणि तो वर्षाचा सर्वोत्तम नवोदित ठरला. रॉबिन्सनला तर पहिला हंगामही पुरा करू दिला नाही. फेब्रुवारी २०१३ मध्येच त्याची ह्यूस्टनला रवानगी झाली.

२०१४ मध्ये आठव्या क्रमांकावर निक स्टाउस्कस घेतला. त्याच वर्षी निकोला योकिच नावाचा सर्बियाचा जाडजूड मुलगा एक्केचाळिसाव्या क्रमांकावर डेन्व्हरकडे गेला. २०२३ मध्ये त्याने डेन्व्हरला त्यांचे पहिले विजेतेपद मिळवून दिले.

येथे कोणी म्हणेल, झालेल्या गोष्टीवर शहाणपण सांगणे सोपे असते. अगदी खरे. योकिच पहिल्या चाळीस क्रमांकांत कोणालाच दिसला नाही. निवडीत चुका होतातच. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाकडे पाहून तो पंचविसाव्या वर्षी कसा होईल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून चुकीच्या निवडीचा दोष मी फारसा देत नाही. माझा आक्षेप दुसऱ्या दोन गोष्टींना आहे.

पहिला आक्षेप जुलै २०१५ च्या व्यवहाराला. तेव्हा संघाची सूत्रे माजी खेळाडू व्लाडे डिवात्स यांच्या हाती नुकतीच आली होती. सॅक्रामेंटोतील चांगल्या दिवसांतला हा लाडका खेळाडू. काही नामवंत खेळाडू तातडीने आणायचे होते आणि त्यासाठी पगाराच्या मर्यादेत जागा हवी होती. म्हणून किंग्जने दोन जड पगाराचे खेळाडू फिलाडेल्फियाच्या गळ्यात घातले. ते घ्यावेत म्हणून वर काय दिले? आदल्या वर्षी निवडलेला स्टाउस्कस, भविष्यातील पहिल्या फेरीचा एक हक्क, शिवाय २०१६ आणि २०१७ या दोन वर्षी वाटल्यास आपला क्रमांक बदलून घेण्याची मुभा. मोबदल्यात मिळाले युरोपातील दोन खेळाडूंचे हक्क, आणि ते दोघेही एनबीएमध्ये कधीच खेळले नाहीत.

मोकळ्या झालेल्या जागेत राजन रॉन्डोसारखे अनुभवी खेळाडू आले. रॉन्डो त्या हंगामात असिस्टमध्ये साऱ्या एनबीएत पहिला आला, पण संघ ३३ सामने जिंकला आणि ४९ हरला. वर्ष संपले आणि रॉन्डो निघून गेला. राहिले ते देणे. २०१७ च्या सोडतीत किंग्जच्या चिठ्ठीला तिसरा क्रमांक लागला, फिलाडेल्फियाच्या चिठ्ठीला पाचवा. करारानुसार फिलाडेल्फियाने क्रमांक बदलून घेतला. मग तो तिसरा क्रमांक आणि वर भविष्यातील एक हक्क बोस्टनला देऊन त्यांनी पहिला क्रमांक मिळवला. बोस्टनने तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटम निवडला. वर दिलेला तो हक्कही अखेर किंग्जचाच, २०१९ चा ठरला आणि बोस्टनच्याच पदरात पडला. २०२४ मध्ये बोस्टन विजेते झाले तेव्हा टेटम त्यांचा आधारस्तंभ होता. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच, आणि कोहळा गेला सॅक्रामेंटोच्या अंगणातून!

शेतकऱ्याच्या घरात कितीही ओढगस्त असली तरी पेरणीसाठी राखलेल्या बियाण्याला हात लावत नाहीत. पाहुणे आले म्हणून बियाणे दळून भाकरी केली, तर एक दिवस पंगत झोकात होते, पण पुढचे वर्ष कोरडे जाते. किंग्जने नेमके हेच केले. निवड चुकणे हा नशिबाचा भाग म्हणता येईल, पण बियाणे विकणे हा स्वभावाचा भाग आहे.

माझा दुसरा आक्षेप याहून मोठा आहे. दुष्काळाच्या त्या सोळा हंगामांत किंग्जचे प्रशिक्षक किती झाले असतील? हंगामी धरून अकरा! मुलगा यायचा, एका गुरुजींची पद्धत जेमतेम समजायची, तोवर गुरुजी बदललेले. एक म्हणतो वेगाने पळा, दुसरा म्हणतो सावकाश खेळा. मायकेल मलोन यांचे उदाहरण बोलके आहे. २०१४ च्या हंगामाची सुरुवात त्यांच्या हाताखाली बरी झाली होती. मग मुख्य खेळाडू डीमार्कस कझिन्स आजारी पडला, काही सामने हातचे गेले, आणि डिसेंबरमध्येच मलोन यांना काढून टाकले. पुढच्या वर्षी त्यांना डेन्व्हरने घेतले. तेथे त्यांना वेळ मिळाला आणि तोच एक्केचाळिसाव्या क्रमांकाचा योकिच त्यांच्या हाताखाली वाढला. २०२३ च्या विजेत्या संघाचे प्रशिक्षक मलोनच होते. म्हणजे गुरू सॅक्रामेंटोतही होता, पण त्याला शिकवायला अवधी दिला नाही.

आयझया थॉमसची गोष्ट अशीच. २०११ च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, साठावा खेळाडू. उंची एनबीएच्या मानाने फारच कमी. हा मुलगा किंग्जकडे चांगला खेळू लागला होता, तरी २०१४ मध्ये त्याला जवळजवळ फुकटात जाऊ दिले. पुढे २०१६-१७ मध्ये बोस्टनकडून त्याने दर सामन्याला सरासरी २८.९ गुण काढले. साठावा म्हणून आलेला मुलगा साठाव्या लायकीचाच असतो असे नाही. आणि पहिल्या पाचांत आलेला मुलगा आपोआप मोठा होतो असेही नाही. क्रमांक मुलगा कोणत्या दारातून आत आला एवढेच सांगतो. आत आल्यावर त्याला कोण शिकवणार, किती दिवस शिकवणार, हे त्या क्रमांकात लिहिलेले नसते.

२०१८ मध्ये तर दैवाने दार ठोठावले होते. सोडतीत सातव्या जागेवरून किंग्ज एकदम दुसऱ्या क्रमांकावर आले. युरोप गाजवून आलेला लुका डॉन्चिच समोर होता. त्यांनी मार्विन बॅग्ली निवडला. डॉन्चिच वर्षाचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०२४ मध्ये त्याने डॅलसला अंतिम फेरीत नेले. बॅग्लीला फेब्रुवारी २०२२ मध्ये किंग्जने डेट्रॉइटकडे धाडले. डॉन्चिचशी रोज होणाऱ्या तुलनेखाली तो मुलगा किती दबला असेल, याचा विचार कोणी करत नाही. आपल्या घरातही “शेजारच्याला बघ किती मार्क पडले” हे वाक्य आपण किती सहज बोलतो!

सगळेच चुकले असे मात्र मी म्हणणार नाही. २०१७ मध्ये पाचव्या क्रमांकावर मिळालेला डी’आरन फॉक्स खरोखर गुणी निघाला. २०२० मध्ये बाराव्या क्रमांकावर टायरीस हॅलिबर्टन मिळाला, हे तर भाग्यच. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी हॅलिबर्टनला इंडियानाला देऊन डोमांटास सबोनिस याला आणले. या व्यवहारावर पुष्कळ टीका झाली. २०२५ मध्ये हॅलिबर्टनने इंडियानाला अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत नेले, तेव्हा तर टीकाकारांना चेवच आला. मी या टीकेत सामील होत नाही. २०१५ चा व्यवहार आणि हा व्यवहार एका तागडीत तोलता येत नाहीत. येथे किंग्जने गुणी खेळाडू दिला आणि गुणी खेळाडू घेतला. काय देतो आणि काय घेतो हे दोन्ही बाजूंना दिसत होते. सबोनिसने पुढे तीन हंगाम ओळीने एनबीएत सर्वाधिक सरासरीने रिबाउंड घेतले.

आणि फळही आले. २०२२-२३ मध्ये माइक ब्राउन प्रशिक्षक, फॉक्स आणि सबोनिस ही जोडी, जोडीला नवा कीगन मरे. ४८ विजय, ३४ पराभव, आणि पश्चिम विभागात तिसरे स्थान. प्रत्येक विजयानंतर स्टेडियमच्या छतावरून जांभळ्या प्रकाशाचा झोत आकाशात सोडला जाई आणि सारे गाव तो पाहायला मान वर करी. गोल्डन स्टेटविरुद्धची पहिली फेरी सातव्या सामन्यापर्यंत गेली. तेथे स्टीफन करीने ५० गुण काढले आणि किंग्ज हरले. पण सोळा वर्षांनी गावाला हरण्यातही मान वाटला.

दुर्दैव असे की यश आले आणि जुनी घाईही परतली. पुढच्या वर्षी ४६ सामने जिंकूनही बाद फेरी हुकली. डिसेंबर २०२४ मध्ये ब्राउन यांना काढले. ज्यांना दीड वर्षापूर्वी वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून एकमताने निवडले होते, तेच हे गृहस्थ! फेब्रुवारी २०२५ मध्ये फॉक्स सॅन अँटोनियोला गेला आणि झॅक लाव्हिन आला. त्याच्या जोडीला आधीच आलेला डेमार डीरोझन. शिकागोत तीन हंगाम एकत्र काढून फारसे काही हाती न लागलेली हीच ती जोडी. एप्रिलमध्ये व्यवस्थापकही गेले. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये किंग्जचा स्वतःचा तेरावा क्रमांक आधीच्या एका व्यवहारात अटलांटाकडे गेलेला होता. तेव्हा पुन्हा एक हक्क देऊन चोविसावा क्रमांक घ्यावा लागला. त्यावर निक क्लिफर्ड हा मुलगा आला, आणि दुसऱ्या फेरीत मॅक्सिम रेनो हा उंच फ्रेंच खेळाडू. नव्याने मांडणी सुरू झाली ती येथून.

या नव्या मुलांचे काय होईल हे त्यांच्या क्रमांकावरून ठरणार नाही असे मला वाटते. त्यांना एकच प्रशिक्षक चार वर्षे मिळतो का, चुकण्याची मुभा मिळते का, आणि पहिल्या दहा पराभवांनंतर मालक शांत बसू शकतात का, यावर ते ठरेल. ड्राफ्टमधून संघ उभा राहतो हे अर्धेच सत्य आहे. ड्राफ्ट तुम्हाला रोप देतो. पाणी घालणे, तण काढणे आणि रोज उपटून मुळे वाढली का हे न पाहणे, हे काम आपले आपल्यालाच करावे लागते.

आता आपल्याकडे वळू. बहुतेक शाळांत जून-जुलैमध्ये संघ निवडला जातो. बारा मुले आत, उरलेली बाहेर. बाहेरची मुले त्या दिवसापासून फक्त टाळ्या वाजवायला. बारांतही उंच असेल तो आधी खेळणार, बुटका बाकावर. आंतरशालेय स्पर्धेत पहिल्या फेरीत हार झाली की पुढच्या वर्षी संघ नवा आणि पुष्कळ ठिकाणी शिकवणारेही नवे. मग आपण म्हणतो, आमच्या मुलांत दमच नाही! वर्गातही तेच. सहामाहीत मार्क कमी पडले की क्लास बदला, वार्षिक परीक्षेत कमी पडले की पुन्हा क्लास बदला. दहावीपर्यंत मुलाने चार शिक्षकांच्या चार पद्धती अर्ध्या अर्ध्या शिकलेल्या असतात. सोळा वर्षांत अकरा प्रशिक्षक करणाऱ्या किंग्जला आपण हसायचे तरी कोणत्या तोंडाने?

माझ्या सूचना तीन आहेत आणि त्यांना पैसा लागत नाही. पहिली, शाळेच्या प्रत्येक खेळात ‘ब’ संघ असावा. त्याचाही सराव आठवड्यातून दोन दिवस व्हावा आणि दर सत्रात ‘अ’ आणि ‘ब’ संघांचा सामना व्हावा. साठाव्या क्रमांकाचा आयझया त्यातच सापडेल. दुसरी, संघ ज्यांच्याकडे सोपवला त्यांच्याकडे तो निदान तीन वर्षे राहू द्यावा, मग निकाल काही लागो. तिसरी सूचना पालकांना. सातवी-आठवीच्या मुलांना संघात घेतले की “यंदा जिंकायचे असेल तर दहावीची मुलेच खेळवा” असा आग्रह धरू नये. सातवीची मुले हे आपले बियाणे आहे. एका चषकासाठी ते बाकावर वाळत ठेवले, तर तीन वर्षांनी दहावीचा संघ आणायचा कोठून?

विद्यार्थी मित्रहो, तुम्हालाही एक सांगणे आहे. तुमचा क्रमांक कोणी काढला, कितवा काढला, याची फार चिंता करू नका. क्रमांक काढणाऱ्या जाणत्या, पगारी, अनुभवी माणसांनी योकिचच्या आधी चाळीस जणांना निवडले होते. तुम्ही फक्त रोज मैदानावर या, आणि जे गुरुजी शिकवतात त्यांच्याकडून पुरते शिकून घ्या. बाकी काम काळाचे आहे. त्याला थोडा वेळ देणे एवढे आम्हा मोठ्यांना जमले, तरी पुष्कळ झाले.